लातूरची विमान-मागणी शून्य कशी? ग्रॅव्हिटी मॉडेलमध्ये अडकलेय, मदत हवी

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी औशाची. भूगोलात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी विषय घेतलाय: मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू अशा शहरांकडे विमानानं जायची मागणी किती असेल. त्यासाठी ग्रॅव्हिटी मॉडेल वापरतेय. दोन ठिकाणांच्या लोकसंख्यांचा गुणाकार वर, अंतराचा घात खाली आणि बाहेर एक स्थिरांक. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की साधं रिग्रेशन, म्हणजे आकड्यांतून जाणारी सरळ रेषा, बसतं.

लोकसंख्या २०११च्या जनगणनेची आहे. प्रवासीसंख्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या शहर-जोडीनिहाय मासिक आकड्यांतून घेतली. अंतर विमानतळ ते विमानतळ, सरळ रेषेत मोजलं. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं म्हणजे अंतराचं चिन्ह उलटं येतंय. अंतर वाढलं की प्रवासी वाढतात, असं माझं समीकरण म्हणतं.

दुसरं, नांदेड–अमृतसर. पुणे शहर ३१ लाखांचं, नांदेडपासून सरळ रेषेत साधारण ३६५ किलोमीटर. अमृतसर ११ लाखांचं आणि १,४०० किलोमीटर लांब. अंतराचा घात १ धरला तर नांदेडहून पुण्याची ओढ अमृतसरच्या साडेदहा पट यायला हवी, २ धरला तर चाळीस पट. आणि थेट विमान सुरू झालं ते अमृतसरला, डिसेंबर २०१७ मध्ये.

तिसरं माझ्या जिवाला लागलंय. लातूर जिल्हा साडेचोवीस लाख लोकांचा आहे. विमानतळ आहे, धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही, म्हणून माझ्या तक्त्यात लातूरच्या सगळ्या ओळी शून्य. शून्याचा लॉग निघत नाही. मार्गदर्शक म्हणतात त्या ओळी काढून टाक, नाहीतर सगळीकडे १ मिळव. मला ते पटत नाही. माझा भाऊ बेंगळुरूला नोकरीला आहे. दिवाळीला तो विमानानं हैदराबादला उतरला, तिथून बसनं जहिराबाद, हुमनाबाद करत उमरग्याला आला आणि पहाटे साडेतीनला बाबा त्याला आणायला मोटरसायकल घेऊन गेले. सरकारी तक्त्यात तो बेंगळुरू–हैदराबादचा प्रवासी आहे. औसा त्यात कुठेच नाही. असे आमच्या तालुक्यात किती असतील? त्यांना मॉडेलमध्ये आणायची काही वाट आहे का?

जालनेकर

ताई, तुमच्या भावाची ओळ तुम्ही पकडलीत, म्हणजे विषयाच्या गाभ्याला हात घातलाय. मी मूळचा जालन्याचा, पुण्यात वाहतूक नियोजनात काम करतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी अंतराचं. समीकरण खोटं बोलत नाहीये, फक्त तुम्ही त्याला किलोमीटर दिलेत आणि प्रवासी वेळ मोजतो. माझंच घर घ्या. जालन्याहून बदनापूर, करमाड, शेंद्रा मागे टाकलं की संभाजीनगर शहर लागायच्या आधीच चिकलठाणा विमानतळ येतो, तासाभराचं काम. तिथं दीड तास आधी पोचायचं. हवेत साधारण तासभर. मुंबईत उतरून बॅग घेऊन फोर्टात जायला आणखी दीड तास धरा. झाले पाच. वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झाली, ती सातेक तासांत थेट सीएसएमटीला नेऊन सोडते. त्यात जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण खुला आहे. म्हणजे ‘एक तासाच्या’ विमानानं माझे वाचले दोन तास, तेही दुप्पट-तिप्पट पैसे मोजून. आता दिल्ली बघा. चिकलठाण्याहून सरळ रेषेत साधारण ९८० किलोमीटर. रेल्वेनं जवळजवळ अख्खा दिवस जातो, विमानानं घर ते मुक्काम सहा-सात तास. तिथं विमान खरंच कामाला येतं.

म्हणून विमानाच्या मागणीत अंतराची रेषा एकाच दिशेनं उतरत नाही. जवळच्या टप्प्यात रस्ता आणि रूळ प्रवासी खाऊन टाकतात, म्हणून आधी चढते. पुढे दोन ठिकाणांतलं नातं, व्यापार, ओळखपाळख विरळ होत जाते, म्हणून उतरते. तुमच्याकडं मुंबई आणि हैदराबादसारखे जवळचे आणि दिल्लीसारखे लांबचे, असे मोजकेच मार्ग आहेत. चढणीचाच भाग तुमच्या हाती लागला, म्हणून चिन्ह धन आलं.

उपाय दोन. एक, अंतराच्या जागी दोन वेळा घाला: घरापासून विमानानं लागणारा एकूण वेळ, आणि रेल्वे किंवा रस्त्यानं लागणारा. दुसरा, अंतरच ठेवायचं असेल तर घातासोबत घातांकी उतारही ठेवा, म्हणजे अंतराचा अ-वा घात गुणिले ई चा उणे ब-गुणिले-अंतर घात. या वक्राचं शिखर अ भागिले ब इतक्या अंतरावर येतं. समजण्यापुरतं सांगतो, अ २ आणि ब ०.००२५ असेल तर शिखर ८०० किलोमीटरवर.

आता शून्य. कृपा करून १ मिळवू नका. प्रवासी एकेकात मोजलेत की हजारांत, यावर त्या १ चं वजन बदलतं आणि घातांकही बदलतात. उत्तर एककावर अवलंबून राहत असेल तर ते उत्तर कशाचं? प्रवासीसंख्या ही मोजणी आहे, तिला मोजणीसारखंच वागवा. पॉइसन रिग्रेशन लावा. प्रवाहांसाठी फ्लॉवरड्यू आणि एटकिन यांनी १९८२ मध्येच ते मांडलं. सांतोस सिल्व्हा आणि तेनरेरो यांनी २००६ मध्ये व्यापाराच्या संदर्भात दाखवून दिलं की लॉग घेऊन केलेल्या रिग्रेशनमध्ये, त्रुटींचा पसारा सगळीकडे सारखा नसेल तर, घातांकच चुकीचे येतात. पॉइसनमध्ये शून्य सुखानं बसतं. आर (R) या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेत एका ओळीचं काम आहे.

पण थांबा, लातूरचं शून्य पॉइसनमध्येही तसंच टाकू नका. हिंगोली ते कोची शून्य असेल तर मागणीच नगण्य म्हणून असेल. लातूर ते बेंगळुरू शून्य आहे कारण विमानच नाही. पहिलं शून्य ही माहिती आहे. दुसरं म्हणजे बंद दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाईक नाही म्हणणं. तेच सुरू असलेल्या मार्गांचंही. सत्तर आसनांचं विमान रोज एक फेरी करत असेल तर तीस दिवसांच्या महिन्यात एका दिशेनं २,१०० च्या वर आकडा जाऊच शकत नाही. तो आकडा मागणीचा नाही, खुर्च्यांचा आहे.

म्हणून माझा सल्ला: घातांक मराठवाड्यावरून काढूच नका. देशभरातल्या अशा शहर-जोड्या घ्या जिथं दिवसाला अनेक फेऱ्या आहेत आणि खुर्ची मिळायची मारामार नाही. तिथून घातांक काढा आणि मग ते लातूर, बीड, परभणीला लावा. उत्पन्नाचा चल (व्हेरिएबल) जरूर ठेवा. मुंबई-दिल्लीच्या माणसाचा विमानाचा वापर जसाच्या तसा परभणीच्या माणसावर टाकला तर अंदाज फुगेल.

आणखी एक खबरदारी. चिकलठाण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून गुवाहाटी असा विमान बदलून गेलेला माणूस त्या तक्त्यात दोन जोड्यांमध्ये दिसतो, चिकलठाणा–गुवाहाटी अशी नोंद उमटत नाही. त्यामुळे मोठ्या बदली-विमानतळांचे आकडे सुजलेले असतात.

गंजगोलाई

लातुरात मी वीस वर्षं तिकिटं काढतोय. ताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही. लातूरला विमानाची मागणी शून्य म्हणणाऱ्यानं एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसावं.

माझ्याकडं वही आहे. गिऱ्हाईकाचं नाव, कुठं जाणार, आणि तिसरा रकाना ‘कुठून बसणार’. हा तिसरा रकाना मी सोयीसाठी ठेवला, कारण त्यावरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सचंही तिकीट काढावं लागतं. हैदराबाद, पुणे, मुंबई, मधूनमधून कलबुर्गी आणि बीदर. उदगीरच्या माणसाला बीदर जवळ, उमरग्याच्या माणसाला कलबुर्गी. तिथं विमान चालू असलं तर.

आता बघा, लातूरहून पुणे काय न् हैदराबाद काय, रस्त्यानं फार मोठा फरक नाही. तरी दिल्लीला जाणारा एक डाळमिलवाला कायम हैदराबादहून जातो आणि त्याच्या शेजारचा कायम पुण्याहून. मी कारण विचारलेलं आहे. दुसऱ्याची लेक पुण्यात दिलेली आहे. रात्री मुक्काम तिच्याकडं, नातवंडाची भेट, सकाळी विमान. परत येतानाही तसंच. तुम्ही जवळचा विमानतळ धरून हिशोब केला तर हा माणूस चुकणार.

दुसरी गोष्ट वेळेची. हैदराबादहून सकाळी सहाचं विमान असलं तर इथून संध्याकाळीच निघावं लागतं, म्हातारी माणसं नको म्हणतात. आणि परतीचं विमान रात्री उशिरा उतरलं की तिथून लातूरकडं यायला गाडीची खात्री नसते. तिकीट हजार रुपयांनी महाग असलं तरी माणूस दुपारचं घेतो. उमराहला (मक्केच्या यात्रेला) जाणारे गट हैदराबाद किंवा मुंबई धरतात, कारण पुढचं विमान तिथूनच आहे. पेशंट घेऊन मुंबईला जाणारे बहुतेक रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसनंच जातात. पडून जाता येतं, सोबत चार माणसं येतात, डब्यात घरचं जेवण नेता येतं. त्यांना विमान दिलं तरी सगळे बसतील असं नाही. हेही लिहा, नाहीतर उगाच आकडा वाढेल.

ताई, वही बघायची असेल तर या. नावं झाकून देईन, बाकी सगळं उतरवून घ्या.

मांजराकाठ

काका, मी नक्की येते. शनिवारी चालेल का? आणि एक विचारते: पुण्यात किंवा हैदराबादला मुलं-मुली राहतात म्हणून तिकडून बसणारे, असे वहीवरून ओळखता येतील?

गंजगोलाई

सगळे नाही. पण परतीच्या तिकिटाची तारीख बघायची. विमान उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी ट्रॅव्हल्सचं तिकीट असेल तर मुक्काम नात्यात आहे असं समजा. शनिवारी दुपारी या, सकाळी गर्दी असते.

जालनेकर

काकांच्या तिसऱ्या रकान्यासाठी मी कितीतरी प्रकल्पांत लाखांची सर्वेक्षणं करावी लागलेली पाहिली आहेत. ताई, ही वही सोडू नका.

त्यांनी जे सांगितलं त्याला मॉडेलमध्ये जागा आहे. दोन पायऱ्या करा. पहिल्या पायरीत तालुक्यातून त्या शहराकडं एकूण किती माणसं विमानानं जातील, ते. दुसऱ्या पायरीत ती माणसं कोणत्या विमानतळावर वाटली जातील, ते. दुसरीसाठी हफ यांचं १९६०च्या दशकातलं मॉडेल चालतं, जे मुळात गिऱ्हाईक कोणत्या बाजारात जाईल यासाठी होतं. प्रत्येक विमानतळाचं आकर्षण, म्हणजे फेऱ्या, भाडं, वेळा, भागिले तिथं पोचायचा वेळ. आणि त्या विमानतळाचा वाटा म्हणजे त्याची ओढ भागिले सगळ्यांची मिळून ओढ. नात्याचा मुक्काम आकर्षणात घाला. जनगणनेच्या डी-मालिकेत स्थलांतराचे तक्ते आहेत, अंदाज बांधायला ते उपयोगी पडतील. लातूरची माणसं पुण्यात किती, हैदराबादेत किती, हा चल लोकसंख्येच्या गुणाकारापेक्षा जास्त बोलका ठरेल असं मला वाटतं.

आणि जिल्हा हे एकक सोडा. मराठवाड्यात ७६ तालुके आहेत, तेवढ्या ओळी कराच. एकटा बीड जिल्हा घ्या. गेवराईचा माणूस धुळे–सोलापूर रस्त्यानं वर चिकलठाण्याला जाईल. आष्टीचा माणूस नगरमार्गे पुण्याला. परळीचा माणूस रेल्वेच्या जंक्शनवर बसलाय, त्याचा विचारच वेगळा. जिल्ह्याचा मध्यबिंदू काढून तिथून अंतर मोजलं तर या तिघांपैकी कुणाचंच अंतर बरोबर येणार नाही. तसंच वैजापूर. जिल्हा संभाजीनगर, पण ऑक्टोबर २०१७ मध्ये शिर्डीचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिथल्या माणसाला दोन दारं आहेत.

अमृतसरबद्दल नांदेडच्या कुणीतरी लिहावं.

गोदातीर

नांदेडहून लिहितो. गुरुद्वाऱ्याजवळ माझं लॉज होतं, आता मुलगा बघतो. जुनी रजिस्टरं अजून माळ्यावर आहेत.

मांजराकाठ ताई, तुमच्या गणितात अमृतसर ११ लाखांचं धरलंय, तिथंच चूक आहे. रजिस्टरमधले पत्ते बघितले तर अमृतसर शहराचे थोडे. तरनतारन, गुरदासपूर, जालंधर, कपूरथळा आणि त्यांच्या आसपासची खेडी. हे सगळे अमृतसरच्या विमानतळावर येऊन बसतात. म्हणजे जसं औशाचं माणूस हैदराबादच्या नोंदीत जातं, तसं तरनतारनचं माणूस अमृतसरच्या नोंदीत जातं. लोकसंख्या धरायची तर त्या सगळ्या पट्ट्याची धरा. आणि नुसती लोकसंख्याही नाही, ज्यांच्यासाठी तख्त सचखंड श्री हजूर साहिबचं दर्शन आयुष्यात एकदा तरी व्हायलाच हवं अशी माणसं. पुण्याच्या माणसाला नांदेडची तशी ओढ नाही.

दुसरं असं की ये-जा सारखीच दिसते, कारण आलेला परत जातो. तक्त्यावरून कळत नाही की मागणी कोणत्या टोकाला जन्मली. माझ्या अनुभवात ती जवळपास सगळी पंजाबच्या टोकाला जन्मते. नांदेडची माणसं अमृतसरला जातात, पण त्या मानानं कमी.

महिनेही सारखे धरू नका. दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला (होळीच्या सुमाराच्या शिखांच्या उत्सवाला) खोली मिळायची नाही. कडक उन्हाळ्यात निम्मं लॉज रिकामं. एकाच कुटुंबात मी पाहिलेलं आहे, आजी-आजोबा विमानानं येतात आणि पोरं सचखंड एक्स्प्रेसनं दीड दिवस बसून. आजीच्या गुडघ्यांना तो डबा सोसत नाही. मी स्वतः एका आजींना स्टेशनवरून लॉजपर्यंत खुर्चीवर बसवून आणलेलं आहे, पाय सुजून एवढाले झाले होते. पुढच्या वेळी त्या विमानानं आल्या तर आल्या दिवशीच दर्शनाला चालत गेल्या. ही मागणी आधीही होती, विमान नव्हतं.

आमच्याकडची विमानसेवा सलग कधी राहिली नाही, हेही ध्यानात घ्या. २००८ च्या गुरता गद्दीच्या (गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद दिल्याच्या) त्रिशताब्दीच्या वेळी विमानतळ नव्यानं उभा राहिला. पुढे २७ एप्रिल २०१७ ला उडान या लहान शहरांना विमानानं जोडणाऱ्या योजनेच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये नांदेड–हैदराबाद होती. मधे-मधे सेवा थांबली, पुन्हा सुरू झाली. जे महिने विमानच नव्हतं ते शून्य धरू नका, ते महिने वेगळे काढा.

जालनेकर

गोदातीर काकांनी जे सांगितलं त्याला आमच्याकडं उगम-बद्ध मॉडेल म्हणतात. ॲलन विल्सन यांनी १९६७ मध्ये ग्रॅव्हिटी मॉडेल एन्ट्रॉपीच्या (सगळ्यात संभाव्य वाटणी शोधण्याच्या) गणितातून काढलं आणि १९७१ मध्ये या मॉडेलांचं अख्खं कुटुंब मांडलं: काहींत काहीच बांधलेलं नसतं, काहींत फक्त उगमाची बेरीज, काहींत फक्त मुक्कामाची, काहींत दोन्ही. अमृतसर–नांदेडसाठी उगम पंजाबात ठेवा, तिथून निघणारी एकूण माणसं ठरवा आणि मग ती कुठं कुठं वाटली जातात ते बघा. आणि यात्रेसाठी वेगळं समीकरण करा. नोकरीवाल्यांच्या आणि यात्रेकरूंच्या मनात अंतराचा अर्थ एक नसतो. दोघांना एकाच घातांकात कोंबलं की दोघांवर अन्याय होतो.

मांजराकाठ

दोन आठवड्यांनी लिहितेय. काकांच्या दुकानात दोन शनिवार बसले, वही उतरवली. चहा तीन वेळा झाला, पैसे घेतले नाहीत.

आता तक्ता तालुक्यांचा केलाय. घातांक देशभरातल्या जोड्यांवरून काढले, पॉइसननं. अंतराची रेषा आधी चढते, मग उतरते, जालनेकर सर म्हणाले तशीच. अमृतसर वेगळं काढल्यावर बाकीच्या जोड्याही बऱ्याच सरळ झाल्या. ते एकटं सगळ्या रेषेला आपल्याकडं ओढत होतं. लातूर, औसा, निलंगा, उदगीर या ओळींत आता शून्य नाही. आकडा इथं टाकत नाही, उत्पन्नाचा चल अजून तपासायचा आहे. मार्गदर्शकांना वहीची उतरवलेली पानं दाखवली. ते बराच वेळ तिसरा रकाना वाचत बसले. मग म्हणाले, ओळी काढू नकोस.

एक गोष्ट सांगायची राहिली. काकांनी सांगितल्यावर मी भावाची मागची तिकिटं मागवली, तक्त्यात त्याचीही ओळ असावी म्हणून. येताना तो नेहमी हैदराबादला उतरतो. जाताना दर वेळी पुण्याहून बसतो. चार वर्षं मला वाटत होतं स्वस्त मिळत असेल. फोन करून विचारलं तर म्हणाला, “वहिनीची आई हडपसरला असते ना, तिला भेटल्याशिवाय निघता येतं का?”